बॅटरी निघत नाही, मेमरी कार्ड बसत नाही: असा फोन घेताना, वापरताना आणि बिघडल्यावर काय करायचं

पूर्वी फोन हँग झाला की मागचं झाकण नखाने उचकटायचं, बॅटरी काढायची, एक फुंकर मारायची आणि परत बसवायची, झालं काम. नोकियाची ती बीएल-५सी बॅटरी तर तालुक्याच्या ठिकाणी कुठल्याही मोबाईलच्या दुकानात मिळायची. फोन पाण्यात पडून कायमचा गेला तरी कार्ड काढून दुसऱ्यात टाकलं की फोटो शाबूत.

आता दुकानात जे फोन लावलेत त्यातल्या जवळपास सगळ्यांची बॅटरी आत गमने चिकटवलेली असते आणि थोडे महाग फोन बघितले तर कार्डाचा स्लॉट पण नसतो. सुरुवात आयफोनने केली, २००७ चा पहिला आयफोनच बंद डब्बा होता, तेव्हा लोक हसले होते. सॅमसंगने गॅलेक्सी एस५ पर्यंत बॅटरी पण काढता येईल अशी ठेवली आणि कार्डाची सोय पण, मग २०१५ च्या एस६ मध्ये दोन्ही एकदम काढलं, बोंबाबोंब झाल्यावर एस७ ला कार्ड परत दिलं पण बॅटरी काही दिली नाही, आणि २०२१ च्या एस२१ पासून त्या सिरीजमधून कार्ड पण गेलं. कारणं अगदीच खोटी नाहीत. फोन चिकटवून बंद केला की पाणी-धूळ आत जाणं अडवायला सोपं, बॅटरीला कडक प्लास्टिकचं कवच लागत नाही म्हणून त्याच जागेत जास्त एमएएच (बॅटरीची क्षमता) बसतात, आणि फोनच्या आतलं यूएफएस नावाचं स्टोरेज साध्या कार्डापेक्षा कितीतरी फास्ट असतं (आपण वापरतो त्या यूएचएस-१ कार्डाची कमाल मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी). पण १२८ आणि २५६ जीबीच्या किमतीत जो फरक ठेवतात तो बघितला की कंपनीचं दुसरं कारणही कळतंच.

ते जाऊ दे. मुद्दा हा की जुन्या फोनमध्ये चूक झाल्यानंतर हातात काहीतरी असायचं. आता जे काही करायचं ते आधी करावं लागतं, घेताना आणि घेतल्यावर पहिल्या दिवशी. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय. ज्यांचा फोन ऑलरेडी भरलाय त्यांनी सरळ तिसऱ्या पायरीवर जा.

पायरी १: घेतानाच

स्टोरेज किती लागेल हे अंदाजाने ठरवू नका. आत्ता वापरताय तो फोन काढा, सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडा, किती भरलंय बघा, कार्ड असेल तर त्यावरचं पण मिळवा, आणि फोन किती वर्षं झाले वापरताय त्याने भागा. वर्षाला ३० जीबी वाढत असेल आणि नवीन फोन चार वर्षं चालवायचा असेल तर जुनं धरून हिशोब मांडा. लक्षात घ्या १२८ म्हणून जो विकतात त्यातले सिस्टीम आणि कंपनीचे स्वतःचे ॲप वजा जाता हातात साधारण शंभर-एकशेदहा येतात. आणि तो पण कधीच गच्च भरायचा नाही, दहा-पंधरा टक्के मोकळा ठेवायचा, नाहीतर फोन रखडायला लागतो.

व्हिडिओ काढणाऱ्यांनी अजून एक गणित बघा. ॲपलने स्वतः दिलेले आकडे आहेत: १०८०पी (फुल एचडी), सेकंदाला ३० फ्रेम असेल तर मिनिटाला ६० एमबी, फोरके (फुल एचडीपेक्षा बारीक चित्र) ३० ला १७०, फोरके ६० ला ४००. म्हणजे भाचीच्या लग्नात तासभर फोरके ६० वर शूट केलं की २४ जीबी गेले, आणि तेच १०८०पी ३० वर केलं असतं तर साडेतीनच्या आसपास. ग्रुपवर टाकल्यावर व्हॉट्सॅप ते दाबून बारीकच करणार आहे, त्यामुळे मोठ्या टीव्हीवर बघायचं नसेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आधी १०८०पी करून टाका, यासारखी फुकटची जागा दुसरीकडे कुठे मिळत नाही.

दुकानदार "८ प्लस ८ जीबी रॅम" म्हणतो ना, त्यातले दुसरे आठ हे तुमच्याच स्टोरेजमधून कापलेले असतात. रॅम प्लस, मेमरी एक्स्टेन्शन, डायनॅमिक रॅम, नाव काहीही असो. स्टोरेज कमी असेल तर ते बंद करून फोन रिस्टार्ट करा, चार-आठ जीबी परत येतात आणि बहुतेकांना फोनच्या वागण्यात काही फरक पण जाणवत नाही.

कार्डाचा स्लॉट असलेला फोन पाहिजेच असेल तर स्वस्त आणि मधल्या रेंजमध्ये अजून मिळतात, पण स्लॉट हायब्रिड आहे का ते विचारा, म्हणजे दोन सिम किंवा एक सिम एक कार्ड. आपल्याकडे बहुतेकांची दोन सिम चालू असतात त्यामुळे असा स्लॉट असून नसल्यासारखा. बॅटरी निघणारा स्मार्टफोन पाहिजे असेल तर सॅमसंगची एक्सकव्हर सिरीज आहे, कंपन्यांच्या फील्ड स्टाफसाठी बनवलेली, जाडजूड, कॅमेरा यथातथाच, पण बॅटरी पण निघते आणि कार्ड पण बसतं.

युरोपात नियम झालाय की १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांमधली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. त्यावर लोक इकडे फार खुश झालेत पण फोनसाठी तिथेच एक पळवाट आहे: १००० सायकलनंतर (पूर्ण चार्ज होऊन उतरण्याचे फेरे) पण बॅटरी ८० टक्के टिकत असेल आणि फोन धूळ-पाण्यात टिकणारा असेल तर चिकटवलेली चालते. त्यामुळे त्या आशेवर खरेदी लांबवू नका.

शेवटचं, आणि हे कोणी बघत नाही: त्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर तुमच्या गावाजवळ आहे का. सिंधुदुर्गात किंवा गडचिरोलीत राहत असाल आणि जवळचं सेंटर शंभर-दीडशे किलोमीटरवर असेल तर दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलायची वेळ आल्यावर एक अख्खा दिवस आणि एसटीचं भाडं त्यात धरा. बऱ्याच कंपन्या बॅटरीची किंमत वेबसाईटवर देतात, ती पण फोन घेण्याआधीच बघून ठेवा.

पायरी २: पहिल्या दिवशी

फोन नवीन असतो तेव्हा आपण वॉलपेपर आणि रिंगटोन लावतो. त्याआधी हे करा.

चार्जिंगची मर्यादा. सॅमसंगमध्ये बॅटरी प्रोटेक्शन, आयफोन १५ पासून पुढे चार्जिंग लिमिट, बाकीच्यांमध्ये स्मार्ट चार्जिंग किंवा ॲडॅप्टिव्ह असं काहीतरी नाव असतं, सेटिंग्जच्या सर्चमध्ये "चार्जिंग" टाकलं की सापडतं. दिवसभर चार्जर हाताशी असणाऱ्यांनी ८० ला थांबवा. दिवसभर बाहेर फिरणाऱ्यांनी उगाच ८० चा हट्ट धरू नका, संध्याकाळी पाचला फोन मेला तर वाचवलेल्या बॅटरीचं काय लोणचं घालायचंय.

व्हॉट्सॅपचं ऑटो डाऊनलोड. सेटिंग्ज, स्टोरेज आणि डेटा, तिथे मोबाईल डेटा आणि वायफाय दोन्हीखाली व्हिडिओ आणि डॉक्युमेंटची खूण काढा. फोटो पण काढले तर उत्तमच. मग ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा म्हणजे सुविचार गॅलरीत येणार नाहीत.

फोटोंचा बॅकअप. गुगल फोटोजची फुकट अमर्याद सोय १ जून २०२१ ला संपली, आता जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून १५ जीबी, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॅप बॅकअप पण आता त्यातच मोजतात. आयक्लाउडचे तर फक्त ५. म्हणजे फुकटात भागेल असं समजू नका, एकतर महिन्याचे थोडे पैसे द्या किंवा चौथ्या पायरीतली पेनड्राइव्हची पद्धत लावून घ्या. बॅकअप चालू केलात तरी तो बाय डिफॉल्ट फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरचा होतो. व्हॉट्सॅपवर आलेले फोटो, स्क्रीनशॉट, स्कॅन केलेली कागदपत्रं हे फोल्डर वेगळे चालू करावे लागतात. सातबारा आणि मार्कशीट लोक व्हॉट्सॅपवरच मागवतात आणि ते नेमके ज्या फोल्डरमध्ये असतात त्याचा बॅकअप नसतो.

कार्ड होतं तेव्हा बॅकअपचा आळस खपून जायचा. आता आतली चिप बोर्डवर सोल्डर केलेली असते आणि त्यावरचा डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असतो, किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरमध्ये. म्हणजे चिप काढून दुसऱ्या फोनला लावली तरी काही वाचता येत नाही, तोच बोर्ड परत जिवंत करावा लागतो, आणि ते काम सगळ्या फोनवर होत नाही आणि झालं तरी फोनच्या किमतीएवढं बिल होऊ शकतं.

पायरी ३: "स्टोरेज फुल" आल्यावर

पहिली गोष्ट, गॅलरीत जाऊन एकेक फोटो उडवत बसू नका. त्याने हात दुखतो आणि जागा होत नाही. मोठं काय आहे तिथून सुरू करा. घरातल्या कोणाही ज्येष्ठ माणसाचा फोन घ्या, आमच्या आत्याचा घेतला होता तेव्हा ६४ पैकी निम्मं फक्त व्हॉट्सॅप होतं आणि ती बिचारी नातवाचे फोटो उडवत बसली होती.

व्हॉट्सॅपमध्ये सेटिंग्ज, स्टोरेज आणि डेटा, मॅनेज स्टोरेज. वर दोन खाने दिसतात, बऱ्याच वेळा फॉरवर्ड झालेलं आणि ५ एमबीपेक्षा मोठं. पहिला खाना डोळे झाकून रिकामा करा. दुसऱ्यात आकाराप्रमाणे लावून वरचे वीस-पंचवीस बघा, त्यात एखादा घरचा व्हिडिओ असतो तो ठेवा. मग खाली चॅटप्रमाणे यादी येते, सोसायटीचा ग्रुप, शाळेची बॅच, भजनी मंडळ, ज्याने सगळ्यात जास्त खाल्लंय तो वर.

त्यानंतर फाईल मॅनेजर उघडून अँड्रॉइड, मीडिया, कॉम डॉट व्हॉट्सॅप असं आत आत जात व्हॉट्सॅपच्या मीडिया फोल्डरमध्ये शिरा. तिथे इमेजेस आणि व्हिडिओच्या आत "सेंट" नावाचं फोल्डर असतं, तुम्ही जे जे पाठवलं त्याची कॉपी. मूळ फोटो कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये आहेच, हा डबल. मूळ आहे याची खात्री करा आणि उडवा, फक्त चॅटमध्ये मग तो पाठवलेला फोटो उघडणार नाही एवढं धरून चाला. बाजूला डेटाबेसेस फोल्डरमध्ये रोजचे जुने बॅकअप साठलेले असतात, त्यातला सगळ्यात ताजा ठेवून बाकीचे काढले तरी चालतात, जुनी चॅट असलेल्या फोनमध्ये यातून एक-दोन जीबी सहज निघतात.

टेलिग्राम असेल तर त्याच्या डेटा अँड स्टोरेजमध्ये कॅशे (तात्पुरत्या साठवलेल्या फाईली) साफ करा आणि मीडिया आठवडाभरच ठेव असं सांगा. टेलिग्रामचं क्लाउडवर असतं, पाहिजे तेव्हा परत उतरतं (हे व्हॉट्सॅपला लागू नाही, तिथे गेलं ते गेलं). यूट्यूब, नेटफ्लिक्स, स्पॉटिफायमध्ये ऑफलाईन केलेलं गॅलरीत दिसत नाही पण जागा खातं, त्या त्या ॲपमध्ये जाऊन बघा. मग ट्रॅश. गुगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस पडून राहतो, आयफोनच्या रिसेंटली डिलीटेडमध्ये ३० दिवस, फाईल मॅनेजरचा कचरा वेगळा. "उडवलं तरी जागा होत नाही" म्हणणाऱ्यांचं उत्तर बहुतेकदा इथेच असतं.

आता सगळ्यात जास्त नुकसान जिथे होतं ते. गुगल फोटोजला बॅकअप झालाय म्हणून त्याच ॲपमधून फोटो सिलेक्ट करून साधं डिलीट दाबलं तर तो क्लाउडवरूनही जातो! फोनमधून काढायचा पण क्लाउडवर ठेवायचा असेल तर वर तुमच्या फोटोच्या गोलावर दाबून "फ्री अप स्पेस" वापरायचं, किंवा एकेका फोटोला "डिलीट फ्रॉम डिव्हाइस". आयफोनवर आयक्लाउड फोटो चालू असेल तर हाच प्रकार, तिथे "ऑप्टिमाइझ स्टोरेज" चालू करायचं, म्हणजे फोनमध्ये छोटी प्रत राहते. हे घरच्यांना सांगून ठेवा, कारण क्लाउडवर आहे ना या भरवशावर लोक अख्खी वर्षं उडवतात आणि ६० दिवसांनी कळतं.

"क्लीनर", "बूस्टर" नावाचे ॲप टाकू नका. जागा कमी असताना जागा खाणारं आणि वर जाहिराती दाखवणारं ॲप कशाला. फाईल्स बाय गुगल पुरतं.

पायरी ४: कार्डाची जागा पेनड्राइव्हला

ज्यांना क्लाउडला महिना पैसे द्यायचे नाहीत किंवा ज्यांच्याकडे नेट धड चालत नाही त्यांच्यासाठी ही पद्धत माझ्या मते अजूनही बेस्ट आहे. एका बाजूला टाईप-सी आणि दुसऱ्या बाजूला साधा यूएसबी असलेला ड्युअल पेनड्राइव्ह मिळतो तो घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घेतलात तरी बिलाने घ्या, कारण नकली पेनड्राइव्ह १ टीबी दाखवतात आणि आत असतात ३२ जीबी, भरेपर्यंत कळत नाही आणि मग जुन्या फाईलवर नव्या लिहिल्या जातात.

आधी तो एक्सफॅट (फाईल साठवायची एक पद्धत) मध्ये फॉरमॅट करून घ्या. फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल त्यावर जात नाही, लांबलचक व्हिडिओ अर्ध्यात एरर देतो. फोनला लावल्यावर काहीच झालं नाही तर घाबरू नका, ओप्पो, रिअलमी, वनप्लसमध्ये "ओटीजी कनेक्शन" (फोनला पेनड्राइव्ह, माऊस जोडायची सोय) वेगळं चालू करावं लागतं आणि थोडा वेळ वापरलं नाही की ते आपोआप बंद होतं.

मग फाईल मॅनेजरमधून वर्ष-महिन्याच्या नावाने फोल्डर करून कॅमेऱ्याचे फोटो त्यात कॉपी करा. कॉपी, मूव्ह नाही. मूव्ह करताना मधेच फोन आला, हात लागून ड्राइव्ह हलला, की फाईल इकडची पण जाते आणि तिकडची पण अर्धवट. कॉपी झाल्यावर दोन्हीकडचा आकडा जुळतोय का बघा, पेनड्राइव्हवरचे चार-पाच व्हिडिओ उघडून शेवटपर्यंत पुढे ढकलून बघा, सेटिंग्ज किंवा नोटिफिकेशनमधून इजेक्ट करा, आणि मगच फोनमधले उडवा.

फोनमधले उडवल्यावर तो पेनड्राइव्ह हीच एकमेव कॉपी होते, हे विसरतात लोक. म्हणून दुसरी प्रत एखाद्या हार्ड डिस्कवर किंवा लॅपटॉपवर टाकाच. कपाटात वर्षानुवर्षं ठेवायला पेनड्राइव्ह भरवशाचा नाही.

ओटीजीचा अजून एक उपयोग. स्क्रीन फुटून टच गेला पण चित्र दिसतंय, तर ओटीजीने साधा यूएसबी माऊस लावा, पडद्यावर बाण येतो, पॅटर्न काढून फोन उघडा आणि डेटा काढून घ्या. दुरुस्तीला देण्याआधी हे करून बघा.

पायरी ५: बॅटरी रोजच्या वापरात

लिथियम बॅटरीला दोन गोष्टी म्हातारं करतात, उष्णता आणि भरगच्च चार्जवर जास्त वेळ बसून राहणं. बाकी सगळं याच्याखाली येतं. रात्रभर लावला तर स्फोट होतो वगैरे नाही, १०० झाल्यावर सर्किट चार्जिंग थांबवतं, पण उशीखाली किंवा गादीवर ठेवून रात्रभर १०० वर तापत ठेवला तर बॅटरी लवकर उतरते. वरची मर्यादा लावली असेल तर हा प्रश्नच मिटतो.

ॲपल फोन वापरायला ० ते ३५ अंशांची शिफारस करते. आता मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरला सावलीतच ४५ होतं तिथे हा नियम पाळायचा कसा हा प्रश्न आहेच, पण निदान बाईकच्या हँडलवर उन्हात मॅप चालू आणि वर चार्जिंग पण चालू असं करू नका, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. शेतात ई-पीक पाहणी करताना जीपीएस, कॅमेरा, पूर्ण ब्राइटनेस आणि कमजोर नेटवर्क सगळं एकत्र येतं आणि फोन भट्टीसारखा तापतो, तर ते काम सकाळी करा आणि दोन गटांच्या मधे फोन सावलीत ठेवा. तापलेला फोन घरी येऊन लगेच चार्जिंगला लावायचा नाही, आणि फ्रीजमध्ये तर अजिबात नाही, आत बाष्प धरतं.

फास्ट चार्जिंगला घाबरायचं कारण नाही, फक्त गरम होत असेल तर कव्हर काढा. चार्ज करत करत गेम टाळा. शून्यावर नेऊन बंद पाडायची सवय सोडा. नेटवर्क जिथे येतं-जातं, घाटात, धरणाच्या बाजूला, तिथे फाईव्ह-जी बंद करून फोर-जीवर टाका, नेटवर्क शोधण्यात बॅटरी फार जाते.

पॉवरबँक घेताना मोठ्या अक्षरातले १०,००० एमएएच बघू नका, मागे बारीक अक्षरात रेटेड कपॅसिटी लिहिलेली असते, ती सहा हजारच्या आसपास निघते, तेवढंच फोनला मिळायच्या लायकीचं. विमानात चेक-इन बॅगेत टाकायची नाही, सोबतच्या बॅगेत ठेवायची.

पायरी ६: फोन गोठला, बॅटरी तर काढता येत नाही

पॉवर आणि व्हॉल्यूम डाऊन दोन्ही एकत्र दाबून धरा, कंपनीचा लोगो येईपर्यंत, दहा-पंधरा सेकंद तरी. बहुतेक अँड्रॉइडमध्ये यावर चालतं, काहींमध्ये फक्त पॉवरचं बटण अर्धा मिनिट धरावं लागतं. आयफोन ८ आणि पुढे: व्हॉल्यूम अप दाबून सोडा, डाऊन दाबून सोडा, मग बाजूचं बटण ॲपल दिसेपर्यंत धरा. यात डेटा जात नाही. स्क्रीनवर "फॅक्टरी रीसेट" किंवा "वाइप" असा मेनू आला तर मात्र काही निवडू नका, रीबूट एवढंच.

पूर्ण डिस्चार्ज झालेला फोन चार्जरला लावल्यावर पाच-दहा मिनिटं काहीच दाखवत नाही, तेवढा वेळ द्या. आणि पावसाळ्यात "पोर्टमध्ये ओलावा" असा मेसेज आला तर पोर्ट खाली करून हलकेच झटका, पंख्याखाली ठेवा. तांदळात नको, कणी-पीठ आत जातं.

फोन मेला म्हणजे यूपीआय, ओटीपी, तिकीट सगळं मेलं. एक साधा फोर-जी बटणांचा फोन घरात चार्ज करून ठेवा, सिम त्यात टाकलं की निदान ओटीपी येतात (ई-सिम असेल तर एवढं सोपं नाही), आणि पाकिटात दोन-तीनशे रोख असू द्या.

पायरी ७: बॅटरी बदलायची वेळ

आधी बॅटरीच दोषी आहे का बघा. सेटिंग्जमध्ये बॅटरी युसेज उघडा, एखादं ॲप एकटंच तीस टक्के खात असेल तर बॅटरी बदलून काही होणार नाही. बॅटरी गेल्याची खरी खूण वेगळी: २५-३० टक्के दाखवताना फोन एकदम बंद पडतो, आणि चार्जरला लावल्यावर परत २० टक्के दाखवतो. जुन्या बॅटरीचा आतला अवरोध वाढलेला असतो, कॅमेरा उघडल्यावर एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं. आयफोन याच कारणाने मुद्दाम हळू केले जात होते, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं आणि मग २०१८ भर बॅटरी स्वस्तात बदलून दिल्या. कित्येकांचे "जुने झालेले" फोन नुसत्या बॅटरीने परत पळायला लागले.

आयफोनमध्ये बॅटरी हेल्थचा आकडा सरळ दिसतो, सॅमसंगमध्ये सॅमसंग मेंबर्स ॲपच्या डायग्नोस्टिक्समध्ये, काही अँड्रॉइडमध्ये *#*#४६३६#*#* डायल केल्यावर थोडीफार माहिती मिळते. ८० च्या खाली आला असेल आणि त्रास होत असेल तर बदला. आकडा ७८ आहे पण दिवस नीट निघतोय तर कशाला घाई.

सर्व्हिस सेंटरला जाताना: पूर्ण बॅकअप घेतलेला असू द्या, कारण काही ठिकाणी डेटाची जबाबदारी नाही असं लिहून घेतात. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आणि पिक्सेलमध्ये रिपेअर मोड असतो, तो चालू करून दिला की तुमचे फोटो-चॅट त्यांना दिसत नाहीत, पासवर्ड द्यायची गरज पडत नाही. बिल घ्या, बसवलेल्या बॅटरीवर वॉरंटी किती ते बिलावर लिहून घ्या. फोन एकदा उघडला की पाण्यापासून संरक्षण आधीसारखं राहील असं धरू नका, सील नवीन टाकलं तरी.

सेंटर लांब असेल किंवा फोन इतका जुना की ते म्हणतात पार्ट येत नाही, तर बाजारातला कारागीर. चांगले असतात, वर्षानुवर्षं तेच करतात. पण "ओरिजिनल" आणि "फर्स्ट कॉपी" हे शब्द ऐकून हुरळून जाऊ नका, बॅटरी हातात मागा. त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) मार्क आणि आर ने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून कोणाच्या नावावर आहे ते तिथेच बघता येतं. कंपनीची ५००० ची होती आणि हा त्याच मापात ६५०० ची देतोय तर तो आकडा फक्त स्टिकरवर आहे. बनवल्याची तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची नको, पडून पडून पण बॅटरी उतरते. आणि समोर बसून करून घ्या: तो मागची काच गरम करून सैल करतो, मग आधी बॅटरीचा कनेक्टर काढायला पाहिजे आणि मगच गम सोडवायला पाहिजे, तो पण प्लास्टिकच्या पट्टीने, स्क्रू ड्रायव्हरने बॅटरी उचकटताना दिसला तर थांबवा. आयफोनमध्ये बाहेरची बॅटरी बसवली की "अननोन पार्ट" असा मेसेज येतो, फोन चालतो.

घरी यूट्यूब बघून करू नका असं मी सांगेन. झाकण निघायचं त्या जमान्यातलं ते काम होतं. आता डिस्प्लेची पट्टी नेमकी बॅटरीच्या कडेने जाते आणि बॅटरी वाकली किंवा टोचली तर पेटते.

कंपनी पार्ट देत नसेल किंवा किमती लपवत असेल तर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाचं राइट टू रिपेअर पोर्टल आहे, डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेलं, तिथे बऱ्याच कंपन्यांच्या सर्व्हिस आणि स्पेअर पार्टची माहिती मिळते. अडलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५.

बॅटरी फुगली असेल तर

मागची काच एका कोपऱ्यातून उचललेली, स्क्रीन मधे किंचित वर आलेली, कव्हर अचानक घट्ट. फोन सपाट टेबलवर पाठीवर ठेवून बोटाने ढकला, गरगर फिरला तर पाठ फुगलीय (कॅमेऱ्याचा उंचवटा असेल तर कडेला डोळा लावून बघा). असा फोन चार्ज करायचा नाही, दाबून बसवायचा नाही, सुईने हवा काढायचा विचार पण नाही. चालू असेल आणि तापत नसेल तर महत्त्वाचा डेटा पटकन क्लाउडवर टाका, बंद करा, लाकडी सामान आणि पडद्यांपासून लांब फरशीवर ठेवा आणि त्याच दिवशी सेंटरला न्या. निघालेली बॅटरी घंटागाडीच्या कचऱ्यात टाकू नका, ट्रकमध्ये दाबली गेली की पेटते. ई-कचरा घेणाऱ्याकडे किंवा सर्व्हिस सेंटरलाच द्या, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था लावणं हे उत्पादकाचं काम आहे.

कपाटातला जुना फोन

नवीन आला की जुना "असू दे" म्हणून कपाटात जातो. त्यातून कार्ड काढून ठेवायची सोय नाही, म्हणजे फोटो आत आणि बॅटरी हळूहळू मरतेय, वर्षा-दोन वर्षांनी चालूच होत नाही. तेव्हा ठेवण्याआधीच चौथ्या पायरीप्रमाणे सगळं बाहेर काढा. व्हॉट्सॅप चॅट नव्या फोनवर नेण्यासाठी क्लाउड लागतंच असं नाही, ट्रान्सफर चॅट्समध्ये जाऊन क्यूआर स्कॅन केला की अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर सरळ जातं. मग निम्मा चार्ज करून स्विच ऑफ करून ठेवा, ना फुल ना रिकामा, आणि सहा महिन्यांनी परत निम्म्यापर्यंत चार्ज करा. कोणाला द्यायचा किंवा विकायचा असेल तर आधी गुगल किंवा ॲपलच्या अकाऊंटमधून साइन आऊट, मग फॅक्टरी रीसेट, उलटं केलं तर समोरच्याला फोन तुमचा पासवर्ड मागत बसतो.